शिरसाठ मॅडमचं नाक

शिरसाठ मॅडमनी पहिल्याच भेटीत माझा वास घेतला. अगदी खरोखरचा, नाकानं. आमच्या कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या पलीकडं, रसायनशास्त्राची एक जुनी कोठी होती. तिथं त्यांनी पांढऱ्या उंदरांची खोली थाटली होती. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, माझा विभाग शेजारीच, तेव्हा नव्या बाईंना भेटावं, चहाला बोलवावं म्हणून मी गेलो. दारात एक ठेंगणी, सावळी, सुती साडीतली बाई आडवी उभी राहिली. नमस्कार नाही, या-बसा नाही. मान पुढं काढून त्यांनी माझ्या खांद्याजवळ दोनदा नाक ओढलं आणि विचारलं, "दाढीनंतर काय लावता?"

मी गोंधळून सांगितलं.

"आणि येताना मांजराला हात लावलात."

लावला होता. ऑफिसच्या पायरीवर एक मांजरी बसलेली असते, तिच्या डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

"मग आज नाही. उद्या या. साबण लावू नका, नुसत्या पाण्यानं आंघोळ करा." एवढं बोलून त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं. इतकी वर्षं नोकरी झाली, पण मला कुणी हुंगून परत पाठवलं नव्हतं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की कॉलेजात एक वेडी बाई आली आहे.

ही बाई मूळची तिसगावची. घरी शेती, वडील शेवटपर्यंत ज्वारी-बाजरीत राबलेले. मॅडम शिकत शिकत बंगळूरला गेल्या, तिथून परदेशात गेल्या आणि ताण आल्यावर शरीरात जे हार्मोन चढतं त्यानं प्राण्याचं वागणं कसं बदलतं, यावर तिथं काही वर्षं काम करून आल्या. तिकडं राहिल्या असत्या तर आज कुठच्या कुठं असत्या. पण आई एकटी पडली म्हणून परत आल्या आणि श्रीरामपूरच्या बाजूच्या आमच्या या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागल्या. का आलात असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "तिकडचे उंदीर फार लाडावलेले. त्यांना एसी बंद पडला तरी ताण येतो."

त्यांच्या तीन भाषा होत्या. आमच्याशी शुद्ध, पुस्तकी मराठी. प्राण्यांवरच्या प्रयोगांची तपासणी करायला बाहेरून माणसं यायची, त्यांच्याशी इंग्रजी. आणि उंदरांशी तिसगावची. "काय रं, जेवला न्हाई का आज? आं? कुनावर रुसलाय?" असं दाराआडून ऐकू यायचं. मॅडम चिडल्या किंवा हळव्या झाल्या की ही तिसरी भाषा माणसांच्याही वाट्याला यायची. ती आली की समजायचं, बाई आता खरं बोलतायत.

मला किळस फार लवकर येते हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याच्या उष्ट्या कपाचा डाग दिसला तर मी चहा सोडतो. उंदीर तर मला बघवत नाही, त्यातही त्याची ती उघडी, गुलाबी, खवल्याखवल्यांची शेपटी. तरी दुसऱ्या दिवशी मी साबण न लावता गेलो, कारण अपमानानं माझं कुतूहल जागं झालं होतं. मॅडमनी मला हुंगलं, "चालेल" म्हणाल्या आणि आत एका खुर्चीत बसवून हातात वर्तमानपत्र दिलं.

"काय करायचं?"

"काहीच नाही. वाचा. तुम्ही परके आहात आणि पुरुष आहात. परक्या पुरुषाच्या घामाच्या वासानं यांना ताण येतो. मला तुमचा तेवढाच उपयोग आहे."

मी डॉक्टरेट मिळवलेला माणूस, शेवाळांवर माझं बऱ्यापैकी काम आहे. तर माझा उपयोग घामाचा. पण मी जात राहिलो. मी मथळे वाचायचो, उंदीर कोपऱ्यात दबायचे आणि मॅडम बारीक चिमट्यानं त्यांच्या लेंड्या गोळा करून छोट्या डब्यांत भरायच्या. रक्त काढायचं तर उंदराला धरावं लागतं, टोचावं लागतं, आणि त्यानंच हार्मोन चढतं. "आपणच कानाखाली मारायची आणि मग विचारायचं, गाल लाल का झाला?" त्या म्हणायच्या. लेंडीत मात्र गेल्या काही तासांचं हार्मोन उतरलेलं असतं आणि उंदराला कळतही नाही की कुणी काही विचारलं. ते काम संपलं की त्या हात धुऊन तिथंच बाहेरच्या कट्ट्यावर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायच्या. मला दुपारचं जेवण जायचं नाही.

किळस त्यांनाही यायची, पण भलत्याच गोष्टींची. लेंडीला त्या काही म्हणायच्या नाहीत. मूत, केस, सडका कोबी, कशानंच त्यांचा चेहरा बदलायचा नाही. पण स्टाफरूममध्ये कुणी सुवासिक फवारा मारला की "श्शी!" म्हणून उठून जायच्या. प्राचार्यांच्या केबिनमध्ये गुलाबाच्या वासाची वडी टांगलेली असायची, म्हणून तिथली बैठक असली की मॅडम दारातल्या खुर्चीत. "वासावर वास मारला की समजावं, खाली काहीतरी कुजलंय," असं त्या एकदा प्राचार्यांच्या समोरच म्हणाल्या. प्राचार्य हसले. ते वाणिज्य शाखेचे, कशावरही हसतात.

उंदरांना स्वतःची ओळख करून द्यायची त्यांची रीत होती. आपली जुनी सुती साडी फाडून, दोन दिवस अंगाखाली घेऊन झोपून, तिचे तुकडे त्या पिंजऱ्यापिंजऱ्यात ठेवायच्या. शेपटीला धरून उंदीर कधी उचलायच्या नाहीत आणि कुणाला उचलूही द्यायच्या नाहीत. पिंजऱ्यात एक नळी सोडायची, उंदीर आपण होऊन नळीत शिरला की नळी उचलायची. विद्यार्थ्यांना महिना-महिना नुसतं हेच करायला लावायच्या. "आधी तुमची भीती जाऊ द्या," त्या सांगायच्या, "न्हाईतर तुमी तुमचीच भीती मोजाल आन उंदराच्या नावावर खपवाल."

काही आठवड्यांनी एके दिवशी मी खुर्चीत बसलो आणि सगळे पिंजरे आपापल्या उद्योगाला लागले. कुणी दबलं नाही. एक तर जाळीला नाक लावून माझ्याकडे बघत मिशा हलवत होता. मॅडम हसल्या. त्या फार कमी हसायच्या. म्हणाल्या, "सर, तुमी आता कामातनं गेला. उंदरं तुमाला वळकायला लागली." मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. शेपट्यांची किळस कधी गेली ते माझं मलाच समजलं नाही.

त्या खोलीत अगदी टोकाच्या पिंजऱ्यात एक म्हातारा उंदीर होता. कधी बघावं तर हा शांत, कोपऱ्यात बसलेला. मी एकदा म्हटलं, "मॅडम, हा मात्र संत आहे."

"संत?" त्यांनी एक चिंधी आणली. ऑफिसच्या पायरीवरच्या मांजरीच्या अंगावरून फिरवलेली चिंधी होती ती. त्यांनी ती दुसऱ्या एका पिंजऱ्याजवळ नेली तर आतले उंदीर जागच्या जागी थिजले, श्वास तेवढा चालू. मग म्हाताऱ्याच्या नाकासमोर धरली. त्यानं एकदा हुंगली आणि तसाच बसून राहिला. "याच्यावर आधीच्या कामात फार ताण दिला गेला. पुन्हा पुन्हा, न सांगता, न थांबता. ताण येणं वाईट नसतं, सर. चढावं आणि उतरावं. याचं पहिल्यांदा उतरंना झालं आणि आता चढतच नाही. हा शांत न्हाई वो. हा विझलाय. उद्या खरं मांजर आलं तरी हा असाच बसंल."

तेव्हापासून मी मनातल्या मनात त्या उंदराला प्राचार्य म्हणू लागलो.

आता त्या काढ्याकडे येतो. हे लिहितानाही माझं तोंड कडू होतं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आबासाहेब. त्यांच्या चिरंजीवांना, भैयासाहेबांना, दर वर्षी एक नवा धंदा सुचतो. त्या वर्षी त्यांनी ताण घालवणारा काढा काढला होता. नाव 'निवांतामृत'. बाटलीवर 'प्रयोगशाळेत सिद्ध' असं छापायचं त्यांच्या मनात होतं आणि घरचीच प्रयोगशाळा असताना बाहेर कशाला जा? काढा उंदरांना पाजून हार्मोन उतरतं का ते मॅडमनी बघावं, असा निरोप आला. मला वाटलं बाई उडवून लावतील. पण त्या म्हणाल्या, "तपासायला काय हरकत आहे? असेलही गुण. न तपासता हसणं आणि न तपासता विकणं, दोन्ही सारखंच." अट एकच घातली, प्रयोग चालू असेपर्यंत खोलीत दुसरं कुणी यायचं नाही. आबासाहेबांनी मान्य केलं. काम झालं की खोलीच्या जागी चांगली एसी इमारत बांधून देऊ, असंही म्हणाले. मॅडमच्या डोळ्यांत मी तेव्हा पहिल्यांदा हाव बघितली. बारक्या पोराला जत्रेत दिसते तसली.

निम्म्या पिंजऱ्यांना पाण्यातून काढा, निम्म्यांना साधं पाणी. काढा तपकिरी, त्यामुळं कोणत्या पिंजऱ्याला काय चाललंय ते बाटलीवरून कुणालाही दिसायचं. पिंजरे मात्र मॅडमनी सरमिसळ करून मांडले होते, म्हणजे उजेड, वारा, आवाज सगळ्यांना सारखा. शेवटच्या लेंड्या दसऱ्याला सकाळी गोळा करायच्या होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा होते आणि कॉलेजात प्रयोगशाळांची. सूक्ष्मदर्शकांना झेंडूच्या माळा पडतात, गॅस सिलिंडरला हळदकुंकू लागतं. मॅडमची याला कधी ना नव्हती. त्यांनी स्वतः बाहेरच्या खोलीतल्या तराजूची पूजा केली, पेढा ठेवला, उंदरांच्या खोलीला कुलूप लावलं, 'आत येऊ नये' ही पाटी पुसून सरळ केली आणि आईच्या हातचं नवमीचं जेवायला तिसगावला गेल्या. जास्तीची किल्ली नियमाप्रमाणे प्राचार्यांकडे होती.

संध्याकाळी आबासाहेब आले. बरोबर भैयासाहेब, हलगीवाले आणि दोन फोटोग्राफर. सगळ्या स्टाफला हजर राहण्याचा हुकूम होता, म्हणून मीही होतो. सगळ्या विभागांतून फिरून झाल्यावर भैयासाहेबांना उंदीर आठवले. आबासाहेब कळवळून म्हणाले, "अरे, गणपतीचं वाहन ते! ते बिनपूजेचं ठेवता?"

मी पुढं झालो. म्हटलं, मॅडमचा प्रयोग चालू आहे, आत जायचं नाही असं ठरलंय. प्राचार्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जोशी सर, तुम्ही वनस्पतीवाले. तुमच्या झाडांची झाली ना पूजा?" सगळे हसले. मी पुन्हा बोलायला लागलो तर हलगी सुरू झाली. प्राचार्यांनी स्वतःच्या हातानं कुलूप काढलं. जाता जाता त्या पाटीलासुद्धा कुंकू लावलं.

आत गेल्यावर भैयासाहेबांनी तपकिरी बाटल्या ओळखल्या. "हे राहू द्या. हे आपल्या काढ्याचे हायेत, त्यांना धक्का लागायला नको. साधं पानी पितात ते काढा बाहेर." आणि साध्या पाण्याचे तेवढे पिंजरे व्हरांड्यात टेबलावर आले. हलगी त्यांच्या कानाशी. धुपाचा धूर जाळीतून आत. अत्तराचा फवारा. पायरीवर फटाक्यांची माळ लावली. भैयासाहेबांनी एक उंदीर शेपटीनं उचलला आणि आबासाहेबांनी त्याला ओंजळीत घेऊन त्याच्या डोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. मग सगळ्याच उंदरांवर हळदकुंकू उधळलं. ते पांढरे जीव एकमेकांच्या अंगाखाली शिरत होते, त्यांना शिरायला जागा नव्हती. आबासाहेबांच्या हातातला तर हलेनाच. आबासाहेब गहिवरले. "बघा, कसा शांत बसलाय! मुक्या जनावराला पूजा कळते."

मी त्या खोलीत इतके महिने वर्तमानपत्र वाचलं होतं. तो उंदीर शांत नव्हता, तो भीतीनं थिजला होता. हे सांगायला मी तोंड उघडलं आणि माझ्या घशाशी दुपारचं पुरण आलं. शेपटीची, लेंडीची किळस ती किळसच नव्हे. मला त्या हातांची किळस आली, त्या अंगठ्यांची, त्या धुपाची, टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांची. मी कुंपणापाशी जाऊन ओकलो आणि तिथूनच मॅडमना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "कोणते काढले?"

मी सांगितलं.

"निसते पान्याचे?"

"हो."

"सकाळी येते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दसऱ्याला सकाळी त्या पहिल्या एसटीनं आल्या. कुलूप न उघडता दारापाशीच उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि नाक ओढलं. "धूप. अत्तर. फटाक्याची दारू. आन कुनीतरी गुटखा खाऊन आत आलं हुतं." मग आत गेल्या. साध्या पाण्याचे उंदीर गुलाबी झाले होते. अंगावरचं कुंकू त्यांनी रात्रभर चाटलं होतं, आणि पिंजऱ्यांच्या तळाशी लेंड्यासुद्धा गुलाबी पडल्या होत्या. तपकिरी बाटल्यांचे उंदीर पांढरेशुभ्र, गवत कुरतडत बसले होते.

मला वाटलं त्या रडतील किंवा किंचाळतील. त्यांनी चिमटा घेतला आणि कामाला बसल्या. "आता कशाला?" मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "खराब झालेलं कामसुदिक नीट खराब करायचं असतं." पहिला डबा गुलाबी लेंड्यांनी भरला तेव्हा तो माझ्या हातात देत म्हणाल्या, "घ्या सर, सोनं घ्या." बाहेर पोरं आपट्याची पानं वाटत होती. मी तो डबा दोन्ही हातांनी घेतला.

आकडे आले ते कुणालाही वाटावं असेच. साध्या पाण्याच्या उंदरांचं हार्मोन आकाशाला भिडलेलं, काढ्याच्या उंदरांचं खाली. भैयासाहेबांनी पेढे वाटले. मॅडमनी कळवलं की हा प्रयोग बाद आहे, पुन्हा करावा लागेल, काही महिने द्या. पण काढा दिवाळीच्या पाडव्याला बाजारात यायचा होता, पत्रिका छापून झाल्या होत्या. बैठक बोलावली गेली आणि त्या दिवशीचा साक्षीदार म्हणून मॅडमनी मला बरोबर नेलं. या वेळी त्या दारात बसल्या नाहीत. सरळ आत जाऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आकडे तर खरे आहेत ना? तुम्हीच काढलेत. खाली सही करा, एवढंच."

"आकडे खरे हायेत सर. पन ते काढ्याचे न्हाईत, हलगीचे हायेत."

"म्हणजे?"

"म्हंजे शेजाऱ्याला बडवलं की घरातला मानूस निवांत दिसतो, एवढाच शोध लागलाय आपल्याला."

भैयासाहेब लाल झाले. आबासाहेबांचा आवाज मात्र चढला नाही, त्यांचा कधीच चढत नाही. "ताई, देवाची पूजा केली म्हणून प्रयोग बिघडला, असं लिहिणार का तुम्ही? गावात लोक काय म्हणतील, विचार करा. आम्हाला तुमची काळजी वाटते."

मॅडम म्हणाल्या, "पूजा मीबी केली हुती आबासाहेब. तराजूची. तराजू घाबरत न्हाई."

मग आबासाहेबांनी खिडकीतून सायकल स्टँडकडे बघत सांगितलं की सही झाली तर दिवाळीनंतर एसी इमारतीचा पाया घालू, आणि नाही झाली तर ती कोठी संस्थेला मालाच्या गोदामासाठी लागेल. विचार करायला चार दिवस घ्या.

मॅडम काही दगडाच्या नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. मधल्या एका दुपारी त्या माझ्या प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसल्या. हात थरथरत होते, ते त्यांनी माझ्यासमोर धरले. "माझं चढलंय सर. उतरंना." मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "ही खोली गेली तर या जिल्ह्यात मला दुसरी कोन देनार? एक सही केली तर पुढची सगळी कामं खरी करता येतील. एकच खोटं. लई मोठंबी न्हाई, काढा प्यालं म्हनून कोन मरत न्हाई." मी त्यांना करा म्हणालो नाही, करू नका असंही म्हणालो नाही. मला खरोखरच काय सांगावं ते कळत नव्हतं. नोकरी त्यांची, आयुष्याचं काम त्यांचं.

त्या पाणी पिऊन उठल्या. "पन समजा सही केली," त्या दारात थांबून म्हणाल्या, "आन पुढच्या खेपेला त्या खोलीत धूप आला. मला येईल का वास?"

त्यांनी सही केली नाही.

खोली रिकामी करायचा आदेश आला. उंदीर दुसरीकडं द्यायची सोय नव्हती, आणि इतका गोंधळ झालेल्या उंदरांना कुणी घेतलंही नसतं. नियमाप्रमाणे त्यांना संपवायचं होतं. प्राचार्यांनी त्यासाठी बाहेरून माणूस बोलावतो म्हटलं, मॅडमनी नको म्हणून सांगितलं. नवी साडी फाडून त्यांनी तुकडे केले, दोन दिवस जवळ घेऊन झोपल्या आणि एकेक पिंजरा आपल्या हातानं नळीनं रिकामा केला. मी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. आतून त्यांचा आवाज येत होता, तिसगावचा, हळू, पोराला झोपवताना बोलतात तसा. विझलेला म्हातारा शेवटी होता. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "मरताना तरी वळकीचा वास असावा." त्यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मला संताप आला तो संताप अजून आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छा नाही.

पाडव्याला काढ्याचं उद्घाटन झालं. अहवालाखाली प्राचार्यांनी स्वतः सही केली होती, प्रमुख संशोधक म्हणून. वाणिज्य शाखेचा माणूस, त्यानं जन्मात उंदीर पकडला असेल तो स्वयंपाकघरात. खंडेनवमीचा फोटो मोठा करून मंचामागं लावला होता, आबासाहेबांच्या ओंजळीत कुंकवाचा तो उंदीर. सभागृहात धूप जळत होता. वक्ते ताणमुक्त जीवनावर बोलत होते आणि माझे सहकारी, ज्यांच्याबरोबर मी आयुष्यभर डबा खाल्ला, ते सगळे शांत बसून ऐकत होते. कुणाच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी एकेकाकडे बघत गेलो आणि मला टोकाचा पिंजरा आठवला. प्रत्येकाला एकेक बाटली भेट मिळाली. मी ती पिशवीत टाकली, बाहेर आलो आणि पुन्हा त्याच कुंपणापाशी ओकलो.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. माझी बहीण पाथर्डीला असते. तिच्याकडे जाताना मी वाटेत तिसगावला उतरलो. मॅडम घरामागच्या गोठ्यात होत्या, हातात बादली. चुलत भावाच्या गाईंचं शेण त्या डब्यांत भरत होत्या. जनावरांच्या दवाखान्यातल्या एका ओळखीच्या डॉक्टरांबरोबर त्यांनी नवं काम काढलं होतं. काष्टीच्या बाजाराला टेम्पोत कोंबून नेलेल्या जनावरांचं हार्मोन किती चढतं आणि घरी आल्यावर किती वेळानं उतरतं, हे शेणातून बघायचं. "खोली न्हाई, कुलूप न्हाई, कुनाला किल्ली द्यायला नको," असं त्या म्हणाल्या. वाळल्या होत्या, पण हात थरथरत नव्हते.

मी पिशवीतून बाटली काढून दिली. त्यांनी बूच उघडून हुंगलं, बोटावर थेंब घेऊन चाखला आणि उरलेलं शेणाच्या खड्ड्यात ओतलं. "गूळ हाय निसता."

मी त्यांना कालचं सगळं सांगितलं. फोटो, भाषणं, प्राचार्यांची सही. म्हटलं, "मॅडम, मला लाज वाटते. सगळे शांत बसले होते आणि मी एकटा बाहेर जाऊन ओकत होतो. या वयात हे बरं दिसतं का? डॉक्टरला दाखवू का?"

मॅडमनी बादली खाली ठेवली. माझ्याजवळ आल्या, मान पुढं काढली आणि पहिल्या दिवसासारखं माझ्या खांद्याशी दोनदा नाक ओढलं.

"मळमळलं ना? मग बरं हाय तुमचं. ज्या दिवशी तिथं बसून मळमळनार न्हाई, त्या दिवशी मला फोन करा. मी लगेच येते आन तुमचीबी लेंडी तपासते." मग त्यांनी नळाकडे बोट दाखवलं. "आता हात धुवा. कालचा धूप अजून अंगावर हाय तुमच्या, गाया बुजतील."

मी शर्टाच्या बाह्या वर केल्या, नळाखाली हात धरले आणि साबण मागितला नाही.